सेप्सिसच्या मृत्यूला तकदीर म्हणण्याआधी

अम्मीची केमो होऊन नऊ दिवस झालेले असतात. जुम्याच्या संध्याकाळी अंगात कणकण येते. थर्मामीटर १०१ दाखवतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "हवा बदलली आहे, साधा ताप असेल." कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तापाची गोळी आणि तीन दिवसांचं अँटिबायोटिक येतं. ताप उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं. शनिवारी अम्मी नीट जेवत नाही, गुंगीत असल्यासारखी बोलते. थकवा असेल म्हणून तिला झोपू दिलं जातं. रविवारी पहाटे हातपाय गार पडतात, श्वास लागतो. मग एकच धावपळ उडते. एका दवाखान्यात बेड नाही, दुसऱ्यात आधी डिपॉझिट. सोमवारी जनाजा उठतो. पुरशाला आलेली माणसं म्हणतात, "कॅन्सरच होता, काय करणार. अल्लाहची मर्जी."

ही कुणा एका घराची हकीकत नाही. मुंब्रा असो, मालेगाव असो की मिरज, असं काहीतरी आपण सर्वांनी जवळून पाहिलेलं आहे. कधी केमोच्या जागी डायलिसिस असतं, कधी अनेक वर्षांचा मधुमेह, कधी अवघ्या काही दिवसांचं बाळ. शेवट मात्र तोच. आणि अशा बहुतेक घरांना शेवटपर्यंत कळत नाही की आपला माणूस मूळ आजारानं गेलाच नाही. तो गेला सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्ग सगळ्या शरीरावर उलटल्यामुळे.

मौत बरहक आहे, तिची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यात आम्हाला वाद घालायचा नाही. पण इलाज करणं आपल्यावर सोपवलेलं आहे. म्हणून या लेखात आम्ही तासांचा हिशेब मांडणार आहोत. काही तास घरात जातात, काही मेडिकलच्या काउंटरवर, काही हॉस्पिटलच्या दारात. आणि सरकारी पातळीवर तर वर्षंच्या वर्षं जातात.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे "रक्तात पू झाला", "रक्तात इन्फेक्शन पसरलं" असं म्हणतात. ते पूर्ण चूक नाही, पण पूर्ण बरोबरही नाही. संसर्ग कुठूनही सुरू होतो: फुप्फुसातला न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, पोटातलं इन्फेक्शन, पायाची जखम, सलाईनसाठी घातलेली नळी. शरीर त्या जंतूंशी लढायला उभं राहतं. सेप्सिसमध्ये ही लढाई हाताबाहेर जाते आणि शरीराचा प्रतिकारच आपल्या अवयवांना इजा करू लागतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं, किडनी लघवी बनवणं कमी करते, मेंदूला रक्त कमी पडून माणूस बरळू लागतो. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिचं सार हेच आहे: संसर्गाला शरीरानं दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं आणि जीव धोक्यात येणं.

म्हणजे सेप्सिस हा वेगळा आजार नसून कुठल्याही संसर्गानं घेतलेलं घातक वळण आहे. ते वळण वेळेत ओळखलं तर माणूस परत येऊ शकतो.

कमजोर शरीरात हे वळण लवकर येतं

धडधाकट माणसाला जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, पू होतो. पू म्हणजे काय? जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. ज्याच्या रक्तात पांढऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, त्याला पू होणार कुठून? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत या पेशी सर्वांत कमी होतात. त्यातल्या जंतू मारणाऱ्या मुख्य पेशींची संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली गेली की धोका फार वाढतो. अशा रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सुरुवातीला एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. लघवीत संसर्ग असला तरी जळजळ होईलच असं नाही. अनेकदा एकच खूण असते, आणि ती म्हणजे ताप.

म्हणून कॅन्सरचे डॉक्टर केमोच्या रुग्णाला बजावून सांगतात की ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही. आणि तापाची गोळी आधी देऊन मग थर्मामीटर लावायचं नाही, कारण गोळी ती एकमेव खूण झाकून टाकते. वरच्या हकीकतीत "ताप उतरला, हायसं वाटलं" असं जे घडलं, तिथेच घात झाला होता.

आणखी एक गैरसमज. "आम्ही तर तिला घराबाहेर काढलंच नाही, मग इन्फेक्शन आलं कुठून?" असं लोक विचारतात. अनेकदा जंतू बाहेरून येतच नाहीत. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू एरवी गुण्यागोविंदानं राहत असतात. केमोमुळे तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि तेच जंतू रक्तात उतरतात. त्यामुळे यात घरच्यांची सेवा कमी पडली असं समजून कुणी स्वतःला कोसू नये. पण ताप आल्यावर उशीर झाला का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

कमजोर प्रतिकारशक्तीचे लोक म्हणजे फक्त केमोवाले नव्हेत. मधुमेही त्यात येतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. डायलिसिसवर असलेले, किडनी बदललेले, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, एचआयव्हीग्रस्त, कुपोषित मुलं, नवजात बाळं आणि आपल्या घरातले म्हातारे आईवडील हेही त्यातच येतात. स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि वृद्धांना तर कधी कधी तापही येत नाही. आजी अचानक गप्प झाली, नमाजच्या रकअती विसरू लागली, उठवली तरी डोळे उघडेना, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. ती सेप्सिसची पहिली खूण असू शकते.

इथे आपल्या वस्त्यांमधली एक गोष्ट बोलणं भाग आहे. अंगदुखी, दमा, गुडघेदुखी यांवर बिननावाच्या पुड्या विकणारे अनेक "हकीम" असतात. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडतो. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं अनेकदा आढळून आलं आहे. महिनोन् महिने अशी पुडी घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती घटते आणि साखर वाढते, अन् त्याला याची खबरच नसते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, काळ्या बुरशीनं जो कहर केला त्यामागे अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टिरॉइड हीच जोडी होती. तेव्हा बुरशीनं संधी साधली, एरवी हीच संधी जिवाणू साधतात.

थॅलेसेमिया किंवा अपघातामुळे ज्यांची प्लीहा काढलेली आहे, त्यांचाही एक गट आहे. हज-उमराला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याच जातीचे जंतू आणि न्यूमोनियाचा न्यूमोकोकस प्लीहा नसलेल्या माणसाला काही तासांत खाली पाडू शकतात. अशा माणसाला या लसी मिळाल्या आहेत का, हे कुणी विचारतं का?

आकडे काय सांगतात?

जानेवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक. भारतासाठीचा अंदाज होता सुमारे १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू.

एवढी माणसं जातात, मग बातमी का होत नाही? कारण सेप्सिस कागदावर येतच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं, "हृदय बंद पडलं", "अनेक अवयव निकामी". हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी बंद पडतं, ते कशामुळे पडलं हा प्रश्न असतो. २०२० मध्ये भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. जो मृत्यू मोजलाच जात नाही, त्यासाठी बजेट कोण मागणार आणि कोण देणार?

मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं ठराव करून सर्व सदस्य देशांना सांगितलं होतं की सेप्सिसचं प्रतिबंधन, निदान आणि उपचार आपल्या आरोग्यव्यवस्थेत आणा. दरवर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिनही साजरा होतो. हॉस्पिटलांत पोस्टर लागतात. पण तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाच्या वाट्याला काय येतं, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

एका तासाची किंमत

२००६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या सुमारे २७०० रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. बीपी पडल्यावर पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के वाचले होते. त्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत, उशिराच्या प्रत्येक तासामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेलं.

आता वरच्या हकीकतीतले तास मोजा. जुम्याची संध्याकाळ ते रविवारची पहाट.

गंमत म्हणजे पहिल्या तासात जे करायचं असतं ते फार महागडं नाही. बीपी, नाडी, श्वास आणि ऑक्सिजन मोजणं. रक्ताची कल्चर तपासणी पाठवणं, म्हणजे कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला मारेल हे कळतं. शिरेतून योग्य अँटिबायोटिक सुरू करणं, बीपी कमी असेल तर सलाईन, आणि लघवी किती होते याची नोंद. केमोच्या रुग्णाला ताप असेल तर रिपोर्टची वाट न बघता साठ मिनिटांत अँटिबायोटिक सुरू करावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खर्च वाढतो तो उशीर झाल्यावर. मग व्हेंटिलेटर, डायलिसिस, आयसीयूचं रोजचं बिल असा मीटर फिरू लागतो. मोहल्ल्यात चंदा गोळा होतो तो या टप्प्यावर, जेव्हा पैशानं फारसं काही होत नाही.

इतर देशांनी यातून काय शिकलं ते पाहू. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टॉन्टन हा १२ वर्षांचा मुलगा गेला. शाळेत खेळताना हाताला खरचटलं होतं. दवाखान्यानं पोट बिघडलंय म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं प्रत्येक हॉस्पिटलला सेप्सिस ओळखण्याचे आणि ठरलेल्या वेळेत उपचाराचे नियम सक्तीचे केले. २०१७ मध्ये तिथल्या १४९ हॉस्पिटलांतल्या ४९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरलेले उपचार जितके लवकर पूर्ण झाले तितके मृत्यू कमी, असं दिसलं.

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी हॉस्पिटलात असतानाच सेप्सिसनं गेली. तब्येत बिघडतेय असं आईवडील सांगत होते, ऐकलं गेलं नाही. त्यातून 'मार्थाचा नियम' आला. २०२४ पासून तिथल्या हॉस्पिटलांत टप्प्याटप्प्यानं अशी सोय होत आहे की घरच्यांना काळजी वाटली तर ते दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीनं तपासणी मागू शकतात.

ही दोन्ही मुलं मुळात प्रतिकारशक्ती गमावलेली नव्हती. त्यांच्या बाबतीत काही दिवसांत असं घडलं, तर केमो किंवा डायलिसिसवरच्या माणसाकडे किती कमी वेळ असतो याचा अंदाज करा. आपल्याकडे नातेवाईक विचारायला गेला की "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" असं ऐकावं लागतं. त्यातून कधी भांडणं होतात, डॉक्टरांवर हात उगारले जातात. ते कुठल्याही हालतीत चूकच. पण घरच्यांचं म्हणणं ऐकून घेणारी सोय असेल तर निम्मी भांडणं आपोआप मिटतील, असं आम्हाला वाटतं.

औषध आहे, पण लागू पडत नाही

वेळेत पोहोचलो, अँटिबायोटिक सुरू झालं, तरी जंतूच दाद देत नसेल तर? आजचा सर्वांत मोठा धोका हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत निदान झालेल्या दर सहा जिवाणू संसर्गांपैकी एक अँटिबायोटिकला दाद न देणारा होता. आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात हे प्रमाण दर तीनमागे एक आहे.

आयसीएमआरच्या हॉस्पिटल-जाळ्याचे आकडे आणखी चिंताजनक आहेत. सेप्सिसमध्ये वारंवार सापडणारा क्लेबसिएला हा जंतू घ्या. इमिपेनेम हे अगदी शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक. २०१७ मध्ये या जंतूचे सुमारे ५८ टक्के नमुने त्याला दाद देत होते, २०२३ मध्ये ते प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास आलं. हे आकडे मोठ्या हॉस्पिटलांतले आहेत, तिथे गंभीर रुग्ण जास्त येतात, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पण केमोचे आणि आयसीयूचे रुग्णही तिथेच असतात ना? २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे.

यात आपला सर्वांचा हात आहे. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते विषाणूमुळे होतं. तरी आपण मागतो. डॉक्टरनं लिहून दिलं नाही तर "या डॉक्टरच्या हाताला गुण नाही" म्हणतो आणि दुसऱ्याकडे जातो. पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत बंद करतो, उरलेल्या पुढच्या वेळी धाकट्या भावाला देतो. शिवाय अर्धवट अँटिबायोटिक घेऊन हॉस्पिटलात गेलं की रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू उगवतच नाही, आणि डॉक्टरला अंधारात बाण मारावा लागतो.

कायदा नाही असं नाही. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. सेफिक्झिमसारखी वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि रुग्णाचं, डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असं रजिस्टर कुणी पाहिलंय का? केरळ सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' सुरू करून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक धाडी घातल्या. महाराष्ट्राला हे अशक्य आहे का?

पोल्ट्रीचा विषयही टाळून चालणार नाही, कारण आपल्या समाजातली हजारो कुटुंबं चिकनच्या धंद्यात आहेत. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचं राखीव औषध कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात मिसळलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्रानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माल घेताना फार्मवाल्याला खाद्यात काय घालतोस एवढं विचारणं आपल्या व्यापाऱ्यांना जड नाही.

पण सगळा दोष लोकांच्या सवयींवर टाकला की व्यवस्था सुटते, आणि तेही आम्हाला मान्य नाही. एप्रिल २०२५ मध्ये आठ देशांचा एक अभ्यास आला. शेवटच्या फळीतल्या औषधांनाही दाद न देणारे जे संसर्ग असतात, त्यांवर २०१९ मध्ये योग्य औषध किती जणांना मिळालं, हे त्यात तपासलं होतं. भारतात ते प्रमाण होतं ७.८ टक्के. म्हणजे एकीकडे सर्दीवर अँटिबायोटिकची खैरात, आणि दुसरीकडे ज्याला खरंच तगडं औषध हवं त्याला ते मिळत नाही. कारण निदान करणारी लॅब जवळ नाही, औषध महाग आहे, किंवा वेळ संपलेली आहे.

एक उमेदीची बातमीही आहे. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीनं सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं नवं अँटिबायोटिक भारतात विकसित केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते समोर आलं. पण नव्या औषधाचीही आपण जुन्यासारखीच नासाडी केली, तर ते किती वर्षं टिकेल?

सरकारकडे काय मागायचं?

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत सर्व देशांनी दाद न देणाऱ्या जंतूंमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट मान्य केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी २०२५ ते २०२९ साठीची दुसरी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. पहिली योजना २०१७ ची होती. योजना दिल्लीत होतात, पण आरोग्य हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे प्रश्न मुंबईत मंत्रालयाला विचारायला हवेत.

आमच्या मते चार गोष्टी मागायला हव्यात. पहिली, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास ब्लड कल्चरची सोय, आणि तालुक्याहून नमुना तिथे पोहोचवण्याची व्यवस्था. दुसरी, न्यूयॉर्कसारखा राज्यभर एकच सेप्सिस नियम, जो सरकारी आणि खाजगी दोन्ही हॉस्पिटलांना लागू असेल. तिसरी, एच-१ रजिस्टरची खरीखुरी तपासणी. चौथी, मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण लिहिण्याची सक्ती. या मागण्यांना जात-धर्म नाही. कोकणातल्या बागायतदाराच्या आईलाही त्याच लॅबची गरज आहे, जी भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या आईला आहे.

जे हक्क आज हातात आहेत, तेही वापरले जात नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांपर्यंत वाढवली असून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे. रेशनकार्ड आणि आधार शोधण्यात रात्र जाऊ नये म्हणून कमजोर रुग्णाच्या घरात हे कागद, जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी एका पिशवीत तयार असावी.

आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात

आता आपल्या हातातलं.

घरात केमो, डायलिसिस, ट्रान्सप्लांटचा किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा रुग्ण असेल तर चांगला थर्मामीटर आणि बीपीचं मशीन घरात ठेवा. डॉक्टरला आधीच विचारून घ्या: रात्री ताप आला तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा? उत्तर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. हॉस्पिटलच्या दारात पहिलं वाक्य हेच बोला: "यांची केमो अमुक तारखेला झाली आहे, आता ताप आहे, सेप्सिस असू शकतो का?" एवढ्या एका प्रश्नानं कधी कधी रांगेतला क्रम बदलतो.

धोक्याच्या खुणा पाठ करून ठेवा. बोलणं अडखळणं किंवा बरळणं, हुडहुडी भरून थंडी वाजणं, दिवसभर लघवी न होणं, धाप लागणं, कातडी निळसर किंवा चट्ट्याचट्ट्याची दिसणं, हातपाय गार पडणं. यातली एकही खूण आणि सोबत संसर्गाची शंका असेल तर मेडिकलवर नव्हे, थेट हॉस्पिटलात जा. नवजात बाळ दूध ओढेनासं झालं, ढिलं पडलं, अंग गरम किंवा उलट गार लागलं, तरी हेच करा.

बीमारपुर्सी आपल्याकडे सवाबचं काम आहे, आणि ते असायलाच हवं. पण केमो होऊन आठवडा झालेल्या माणसाच्या खोलीत वीस माणसं बसवणं, खोकणाऱ्या मुलाला त्याच्या मांडीवर देणं, ही त्याची खिदमत नव्हे. फोनवर विचारपूस करा, दारातून सलाम करा, दुआ तर कुठूनही होते. भेटायचंच असेल तर हात साबणानं धुऊन, मास्क लावून, एका वेळी एकच जण. घरच्यांना "आत्ता नको" म्हणायचा संकोच वाटू नये, याची काळजी पाहुण्यांनी घ्यावी.

रमजानचंही बोलायला हवं. आजाऱ्याला रोज्याची सूट दीनमध्येच दिलेली आहे. तरी अनेक रुग्ण हट्टानं रोजे धरतात आणि घरचे त्याला ईमानची ताकद समजतात. साखर अस्थिर असलेल्या, डायलिसिसच्या किंवा केमोच्या रुग्णानं डॉक्टरशी आणि जाणत्या आलिमशी आधी बोलावं. मिळालेली रुखसत घेणं म्हणजे कमीपणा नव्हे.

आणि शेवटी आपल्या ट्रस्टना, मशीद कमिट्यांना, जमातींना एक विनंती. दरवर्षी जकात आणि सदक्यातून हॉस्पिटलांची लाखोंची बिलं भरली जातात. अल्लाह त्याचा अज्र देवो. पण त्यातला थोडा पैसा बिल होण्याआधी खर्च करून पाहा. मोहल्ल्यात केमो आणि डायलिसिसचे किती रुग्ण आहेत त्याची यादी करा. प्रत्येकाच्या घरी थर्मामीटर आणि खुणांचं एक कार्ड पोहोचवा. प्लीहा काढलेल्या मुलांच्या लसींचा खर्च उचला. रात्री फोन उचलणारी दोन पोरं आणि एक गाडी ठरवून ठेवा. जुम्याच्या बयानानंतर पाच मिनिटं एखाद्या डॉक्टरला बोलू द्या.

एवढं करूनही काही माणसं जातील. काही जंतूंपुढे मोठमोठे डॉक्टर हात टेकतात, आणि तेव्हा सब्र करण्यावाचून इलाज नसतो. पण त्या सब्रच्या आत एक समाधान असतं की आपण वेळ दवडली नाही. पुढच्या जुम्याला एखाद्या अम्मीचं अंग तापेल, तेव्हा तिचा मुलगा मेडिकलऐवजी हॉस्पिटलची वाट धरेल, एवढं जरी या लेखानं घडवलं तरी आमचं लिहिणं कारणी लागलं असं आम्ही समजू. अल्लाह प्रत्येक बीमाराला शिफा देवो. आमीन.